खिडकीखालची टोपली

३ जानेवारी १९८३, सोमवार

मारुतीला फॅक्टरीत नव्या वर्षाची डायरी मिळाली. तो काय लिहिणार, डोंबल! मीच घेतली. सातवी पास झालेली बाई आहे मी. आमच्या वाईकडच्या गावात अर्ध्या बाया पत्र लिहून घ्यायला माझ्याकडे यायच्या. इथं बोईसरला येऊन दोन दिवस झाले, बोलायला कुणी नाही. मग कागदाशीच बोलावं.

आज बाळंतीण दवाखान्यातून घरी आली. मुलगी झाली. पहिली बेटी धनाची पेटी. मी पिशवीतून डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा, बाजरीचं पीठ सगळं बरोबर आणलंय. या लोकांच्या बाजारावर माझा भरवसा नाही.

सून हंसा माहीमची. मुंबईतलं माहीम नव्हे, पालघरच्या खाली समुद्राला लागून आहे ते. बापाची होडी, दोन्ही भाऊ होडीवर. ती इथं कारखान्यात पाकिटं भरायला यायची, तिथं यांचं जुळलं. कोर्टात लग्न केलं आणि मग मला कळवलं. बरेच महिने मी मारुतीशी धड बोलले नव्हते. पण पोरगी गरीब स्वभावाची आहे. मला आत्या म्हणते, डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. तिच्याकडून बाळंतपणाला कोण येणार, असं मी विचारलं तर मारुती म्हणाला, "तिला माहेर राहिलेलं नाही, आई." मी पुढं खोदलं नाही. कुणाची आई कशानं गेली हे बाळंतिणीसमोर काढू नये.

मी मनाशी ठरवलंय, सव्वा महिना हिला पाण्यात हात घालू देणार नाही. मारुतीच्या वेळी मी पाचव्या दिवशी रानात भांगलायला गेले होते. माझी आई डिंकाचे लाडू घेऊन वेशीपर्यंत आली होती. सासूनं निरोप धाडला, आमचं आम्ही करतो, तुम्ही कशाला दमता? आई वेशीवरून परत गेली. लाडू तेवढे आत आले. माझ्या पाठीला कुणाच्या तेलाचा हात लागला नाही. हिच्या बाबतीत तसं होता कामा नये.

५ जानेवारी

सगळं शिस्तीत चाललंय. सकाळी कढत पाण्यानं आंघोळ, मग शेगडीवर ओवा-बाळंतशेपाची धुरी, पोट बांधायचं, कानाला फडकं. भात नाही, खोबरं नाही, गार तर काहीच नाही. बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, वर अळिवाची खीर. हंसा म्हणाली, आमच्याकडं बाळंतिणीला नारळाच्या रसातली पेज देतात. मी म्हटलं, तुमच्याकडं देत असतील. घाटावर दिली तर पोराला खोकला होतो. ती "बरं" म्हणाली.

भांडण म्हणावं असं एकच आहे. मागच्या भिंतीला एक खिडकी आहे, रस्त्यावर उघडते. मी आंघोळ उरकून शेगडी आत आणते तेवढ्यात ही उठून खिडकी उघडते. मी लावते. माझी पाठ वळली की पुन्हा उघडी. ओल्या बाळंतिणीला वारं लागलं तर जन्मभराचं दुखणं, हे हिला कुणी शिकवलेलंच नाही. आई नसली की असं होतं.

८ जानेवारी

खिडकीचं कारण सापडलं. रस्त्यापलीकडे टायरवाल्याच्या दुकानाशेजारी एक मासळीवाली रोज सकाळी टोपली घेऊन बसते. काय तो वास! मी मटण खाणारी बाई आहे, मला सोवळं सांगू नये कुणी. पण ती सुकी मासळी म्हणजे नाकातले केस जळतात. हंसाला त्या वासाची सवय, म्हणून ही तिथं नाक लावून बसते. डोहाळे संपले म्हणावं आता.

बाई धंदा करते असंही दिसत नाही. गिऱ्हाईक आलं तर देते, नाहीतर मान वर करून आमच्याच खिडकीकडे बघत राहते. चाळीच्या मालकीण हिराबाई इथल्याच. त्यांना मी म्हटलं, हिला उठवा, बाळंतिणीच्या खिडकीकडे टक लावून बसते, मला हे लक्षण बरं वाटत नाही. हिराबाई गहू निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "बसू द्या ना. माहीमवरनं येते बिचारी. कोनाचा काय घेते?"

माहीमवरून पालघरचा बाजार जवळ. तो टाकून इतक्या लांब कशाला यायचं, हा विचार माझ्या मनात आला. पालघरला कुणाशी भांडली असेल.

बाळ दुपारभर रडलं. मी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. चुलीत चांगल्या तडतडल्या.

११ जानेवारी

हंसा वाटीभर खीर घेते आणि अर्धी ठेवते. दूध बेताचंच आहे. काही विचारलं की "बरं". दुखतंय का, तर नाही. झोप लागली का, तर हो. एकदा तरी माझ्याशी तोंड वर करून भांडावं असं मला वाटायला लागलंय. मी हिच्यासाठी एवढं करते ते हिला पोचतंय की नाही? आणि खरं लिहायचं तर, मी हे हिच्यासाठी करते की गावात जाऊन सांगण्यासाठी, हेही आज भाकरी थापताना मनात आलं. भाकरी करपली.

बारसं सव्वा महिन्यानंतरच करू असं ठरवलं. तिच्या बाजूचं कोण आहे बोलवायला?

१४ जानेवारी, संक्रांत

आज मी त्या बाईला घालवली.

झालं असं की हिराबाई दुपारी पानात बांधलेला तिळगूळ घेऊन आल्या. म्हणाल्या, खालच्या मासळीवालीनं बाळंतिणीला दिलाय. माझं डोकंच फिरलं. कोण कुठली बाई, तिच्या हातचं ओल्या बाळंतिणीला? मी ती पुडी कोनाड्यात टाकली आणि पदर खोचून खाली उतरले. पन्नाशीची असेल. काष्टा, हातात हिरव्या बांगड्या, चेहरा उन्हानं रापलेला. मी तिला म्हटलं, सणाचा दिवस आहे म्हणून वाईट बोलत नाही, पण उद्यापासून इथं बसायचं नाही. माझी सून आधीच खंगली आहे, त्यात तुझी नजर.

मला वाटलं ती भांडेल. मासळीवालीच्या तोंडी लागू नये म्हणतात. तर ती नुसती उभी राहिली आणि मला विचारलं, "बाल कोनासारखी हाय?"

मी म्हटलं, "तिच्या आजीसारखी. कपाळ आणि नाक अगदी आजीचं."

तर ती हसली! डोळ्यांत पाणी, आणि तोंडानं हसतेय. चुंबळ डोक्यावर ठेवली, टोपली उचलली आणि गेली. यात हसण्यासारखं काय होतं, मला कळलं नाही. वर आले तर हंसा खिडकीशी उभी होती. तिनं स्वतःच्या हातानं खिडकी लावली. चला, अक्कल आली म्हणायची.

संध्याकाळी पाहिलं तर कोनाड्यातली पुडी नव्हती. उंदीर फार आहेत चाळीत.

१९ जानेवारी

ती मासळीवाली आली नाही. खिडकी बंद असते. खोलीत धुरी कशी छान कोंडून राहते. सगळं माझ्या मनासारखं झालंय आणि घरात मात्र मेल्यासारखी शांतता.

हंसा भिंतीकडे तोंड करून पडून असते. बाळ रडलं की मी उचलून तिच्या कुशीत द्यायचं. ती घेते. पण बघत नाही त्याच्याकडे. दूध आटत चाललंय. बाळाच्या मांड्यांना वळ्या पडू लागल्या होत्या, त्या गेल्या. मारुतीनं डॉक्टरला आणलं. त्यानं टॉनिक दिलं आणि म्हणाला, खायला घाला, आनंदात ठेवा. खायला मी घालतेच. आनंदात कसं ठेवतात ते मात्र त्यानं सांगितलं नाही.

मारुती कामावर जाताना खिडकीपाशी थांबला. "आई, ती खाली बसायची ना, टोपलीवाली..." मी म्हटलं, घालवली मी तिला, का? त्यानं चपला घातल्या आणि गेला. याचा बापही असाच होता, अर्धं वाक्य बोलून शेताला निघायचा.

२१ जानेवारी

आज मला भीती वाटली.

मी बाळाला पाजायला घेऊन गेले तर हंसानं हात पुढे केले नाहीत. म्हणाली, "आत्या, हिला तुमीच संभाला. माज्याकडनं नाय होत. तुमची हाय ती, तुमच्यासारकीच हाय." आवाज इतका सपाट, जणू मीठ-मिरची मागतेय. मी रागावले. म्हटलं, तीन-तीन पोरं वाढवून शेतं करणाऱ्या बाया बघितल्यात मी, तुला तर बसल्या जागी ताट मिळतं, तुला काय कमी आहे? ती म्हणाली, "काय नाय."

मग मी स्वयंपाकाच्या कोपऱ्यात गेले आणि तोंडात पदर घालून रडले. काही कमी नाही म्हणणारं माणूस असं दिसत नाही. आमच्या शेजारची एक लेकुरवाळी अशीच भिंतीकडे बघत बघत विहिरीपाशी गेली होती. तिलाही काही कमी नव्हतं म्हणे.

हिराबाईंपाशी बोलले. त्या म्हणाल्या, "तिला मोरीचा कालवण द्या. आमच्याकडं बाळंतिणीला मोरीच देतात, दूध उतरतं." मोरी म्हणजे मासा, समुद्रातला, मुशीही म्हणतात त्याला. माझ्या अंगावर काटा आला. माझ्या चुलीवर मासा! पण पोरीकडे बघवत नाही. देवा, आता तूच सांभाळ.

२३ जानेवारी, रविवार

नाकाला पदर लावून बोईसरच्या मासळीबाजारात गेले. सगळ्या बाया ओरडताहेत, पाणी उडतंय, मांजरं पायात. मोरी कशी दिसते तेही मला ठाऊक नाही. आणि कोपऱ्यात बघते तर तीच बाई बसलेली.

मी दुसरीकडे वळणार होते. तिनंच हाक मारली आणि आधी विचारलं, बाळंतीण कशी आहे. मी का कोण जाणे, सगळं सांगून टाकलं. दूध नाही, खात नाही, बोलत नाही, मूल घेत नाही. ऐकता ऐकता तिचा हात मासळीवर तसाच राहिला. मग तिनं टोपलीच्या तळातून मोरी काढली, साफ करून तुकडे करून दिले. मी कसं करायचं ते विचारलं. ती म्हणाली, तुमच्या हाताला जमणार नाही, उद्या या, मी घरून वाटण आणून देते. वर म्हणाली, "आमसूल जरा जास्तीच टाका. ती आंबट असल्याबिगर हात लावत नाय."

या बाया गिऱ्हाइकाची जीभ बघूनच ओळखतात की काय! नाव विचारलं. गोदूबाई. मी तिला रागानं बोलले होते ते ती विसरलेली दिसते. माणूस वाईट नाही.

मोरी आजचा दिवस हिराबाईंकडे बर्फात ठेवलीय.

२४ जानेवारी

हळदीच्या पानात बांधलेलं वाटण गोदूबाईनं दिलं. मी दार-खिडकी उघडी टाकून मोरी शिजवली. आमसूल जास्ती. सोबत भात. माझ्या राज्यात पहिल्यांदा बाळंतिणीला भात.

ताट पुढे ठेवलं. हंसानं वासाला मान वळवली. उठून बसली. पहिला घास घेतला आणि थांबली. घास तोंडात तसाच. मग दुसरा, तिसरा, आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा. मी म्हटलं, तिखट झालं का गं?

"आत्या, हा वाटण कोनी दिला?"

मी म्हटलं, ती खाली बसायची ना, गोदूबाई, तिनं.

"ती माजी आय हाय."

एवढंच म्हणाली आणि मग जे रडली, माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. बाळ उठलं, तेही रडायला लागलं. मी दोघींना धरून बसले. तिळगुळाची पुडी हंसाच्या उशाखाली होती.

आज यापुढे लिहवत नाही.

२५ जानेवारी

मारुतीला सकाळी समोर बसवलं. म्हटलं, माहेर राहिलं नाही म्हणजे काय रे? जिवंत बाईला मारलीस तू! तो मान खाली घालून बसला. परजातीत लग्न केलं म्हणून बापानं आणि भावांनी मुलीचं नाव टाकलं, हे तुला सांगायची लाज वाटली, म्हणाला. सासूबाई खाली येऊन बसतात हे त्याला ठाऊक होतं. हिराबाईंना ठाऊक होतं. हंसानं त्यांना गळ्याची शपथ घातली होती, आत्यांना कळलं तर त्या बसू देणार नाहीत म्हणून. चाळीतल्या मांजरालासुद्धा ठाऊक असेल. एकटी मीच तेवढी मीठ-मोहऱ्या उतरवत होते. कोणाची नजर काढत होते मी? आईची!

आणि मी तिला तोंडावर सांगितलं, पोरगी आजीसारखी आहे. आता कळलं ती का हसली ते. खरं सांगू, बाळाचं कपाळ तिच्यासारखंच आहे.

दिवसभर माझी आई डोळ्यांपुढे आहे, वेशीवर उभी, हातात लाडवांचा डबा. सासूला मी जन्मभर शिव्या घातल्या.

दुपारी बाजारात गेले. गोदूबाईपुढे उकिडवी बसले आणि म्हटलं, विहीणबाई, चला घरी. ती घाबरली. मग तिनं कारण सांगितलं. नवऱ्यानं तिला आण घातलीय. मारुतीच्या घराचा उंबरा ओलांडशील तर होडीवर गेलेली तुझी पोरं माघारी यायची नाहीत. "पोरं रोज पान्यावर जातात, विहीनबाय. मी कशी ओलांडू?"

असली आण खोटी असते असं म्हणणं सोपं आहे. पण माझी पोरं समुद्रावर नाहीत. मी तिला म्हटलं, नका ओलांडू. उद्या सकाळी आंघोळीच्या वेळेला तेवढ्या या.

२६ जानेवारी

झेंड्याची सुट्टी म्हणून मारुती घरी होता. त्याला पाणी तापवायला बसवलं. आमच्या खोलीपुढे गॅलरी आहे, सगळ्या चाळीची मिळून. तिथं मी दोन साड्या बांधून आडोसा केला, पाट मांडला, शेगडी बाहेर आणली. शेजारच्या बाया बघायला लागल्या. एकीनं विचारलंच, ओली बाळंतीण सव्वा महिन्याच्या आत दाराबाहेर? मी म्हटलं, होय, माझी सून आहे, मी बघते. ती आत गेली.

गोदूबाई जिना चढून आली. आज डोक्यावर टोपली नव्हती, हातात खोबरेलाची बाटली होती. दारापाशी आली आणि उंबऱ्याच्या अलीकडे थबकली. मी हंसाचा हात धरला, तिच्या कानाचं फडकं नीट केलं आणि तिला उंबऱ्याबाहेर आणलं. दुसऱ्या हातात बाळ. आण उंबऱ्यापुरतीच होती. गॅलरीपर्यंत ती बाई केव्हाही येऊ शकली असती. हंसाला आत अडवलं होतं ते माझ्या सव्वा महिन्यानं.

हंसा आईच्या पाठीला पाठ लावून बसली, लहान मूल बसतं तशी. गोदूबाई पाटावर पाय पसरून बसली, नडग्यांवर बाळाला घेतलं आणि खोबरेल चोळायला लागली. मी तिळाचं लावते. पण काही म्हटलं नाही, गुमान पाणी ओतत राहिले. बाळ माझ्या हातात आंघोळीला किंचाळतं, तिच्या पायांवर टकामका बघत होतं. मला वाईट वाटलं. वाटलं ते वाटलं. थोडा हेवा लिहायला काय हरकत आहे?

मग तिनं हंसाची पाठ रगडली. हंसा म्हणाली, "आय, हलू," आणि हसली. या घरात मी आल्यापासून तिचं पहिलं हसू. बाळ पदराखाली घेतलं तेव्हा मोरीनं दूध उतरलं होतं की आईनं, ते देवाला माहीत. पण पोरगी चुटूचुटू पीत होती, आवाज मला शेगडीपाशी ऐकू येत होता. हंसा खाली वाकून तिच्याकडे बघत होती. नुसती बघत होती, डोळे हलवत नव्हती.

मी तांब्या-बादली आवरायला लागले. दोघींना जरा बोलू द्यावं म्हणून आत निघाले, तर गोदूबाईनं माझा पदर धरला.

"विहीनबाय, पाय फुडं करा."

मी म्हटलं, मला काय झालंय? मी काय बाळंतीण आहे?

"कवा तरी तुमी होतात ना," ती म्हणाली. "तेल उरलंय. करा फुडं."

मारुती आतून बघत होता. मी त्याला पाठमोरं व्हायला सांगितलं आणि पाटाच्या कडेला बसून पाय पुढे केले. तिचे हात दोर ओढून, मासळी कापून खरखरीत झालेले. तिनं पोटऱ्यांपासून वर तेल मुरवत नेलं, मग मला वळवून पाठीला हात लावला. मारुती आता अठ्ठावीस वर्षांचा आहे. मी वेशीकडे तोंड करून बसल्यासारखी बसले आणि डोळे पुसायचेही विसरले. हंसानं बाळाला एका हातावर घेऊन दुसऱ्या हातानं माझा पदर माझ्या खांद्यावर नीट केला.

उद्याही ती येणार आहे. मी बाजरीचं पीठ बांधून ठेवलं, पेजेसाठी तांदूळ काढले आणि मारुतीला नारळ आणायला पाठवलं.